आईला न्यायला आले

“आणि ह्या आमच्या मातोश्री. वय वर्षं ब्याण्णव!” निवृत्तीने कोपऱ्याकडे हात करून मान लववली आणि नाशिक रोडहून आलेल्या महिला मंडळाच्या तोंडून एकदम “अगं बाई!” निघाले.

कोपऱ्यात चटईवर पांढऱ्या केसांची एक म्हातारी रहाट फिरवत बसली होती. एका हाताने चाक फिरवायचे, दुसऱ्या हाताने रेशमाची तार धरायची आणि विणकामाच्या धोट्यात बसेल अशा इवल्या कांडीवर ती गुंडाळत न्यायची, एवढेच तिचे काम. अंगावर जांभळे नऊवारी, कपाळावर गोंदण. बायकांचे मोबाइल वर झाले. पुण्याहून आलेले एक कुटुंब तर आधीपासूनच व्हिडिओ काढत होते.

“आईला ऐकू येत नाही, बोलणंही बंद झालंय,” निवृत्ती म्हणाला, “पण रहाट सोडत नाही. मी म्हणतो, आई, आता आराम कर. तर हातानंच खुणावते, हाच माझा आराम.”

घोळक्याच्या मागे एक बाई उभी होती. कॉलेजच्या मुली स्कूटरवर बांधतात तसा स्कार्फ तिने तोंडाला गुंडाळला होता. साठी उलटलेल्या बाईला तो अजिबात शोभत नव्हता, पण तिला शोभायचे नव्हतेच, लपायचे होते. ही लताबाई, निवृत्तीची सख्खी थोरली बहीण. ज्या मातोश्रींचे कौतुक चालले होते त्या तीन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. गल्लीला ते ठाऊक होते, पण निवृत्तीकडे पर्यटकांची बस आली की शेजारच्या दुकानांतही चार साड्या खपत. तेव्हा गल्लीने आळीमिळी गुपचिळी केली होती.

लताबाई ह्याच घरात जन्मली. मागाच्या खटखटीत झोपायला शिकली, लहानपणी ह्याच रहाटावर कांड्या भरल्या आणि निवृत्तीला कडेवर घेऊन ह्याच गल्लीतून फिरली. लग्न होऊन नाशिक रोडला गेली. नवऱ्याचा पगार बेताचा, म्हणून जिन्याखाली शिलाई मशीन टाकले आणि उभा जन्म साड्यांना फॉल लावण्यात, पिको करण्यात आणि ब्लाउज शिवण्यात गेला. “पैठणीवाल्याची लेक, दुसऱ्यांच्या पैठण्यांना फॉल लावते,” असे ती स्वतःच म्हणायची. जिभेने तिखट. ब्लाउज सैल झाला असे कोणी म्हटले तर “ब्लाउज तोच आहे, तू वाळलीस,” असे तोंडावर सांगायची. गिऱ्हाइके तिला टरकून असत आणि तरी तिच्याचकडे येत.

येवल्याचा जुना बाजार, अरुंद बोळ आणि मागांची घरे बघायला बाहेरची माणसे येऊ लागली, तशी निवृत्तीची अक्कल चालू लागली. त्याने पुढची खोली शेणाने सारवून घेतली, मागच्या खोलीतली फरशी तशीच ठेवली. भिंतीवर जुने धोटे टांगले, दाराला झेंडूचे तोरण लावले आणि आईला रहाटापाशी नेऊन बसवले. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनला निवृत्तीला सवड नव्हती, कारण सीझन होता. सीझन वर्षभर असायचा. एकदा लताबाई न कळवता आली तर आई घोटभर चहाची वाट बघत रहाटाशी बसलेली आणि समोर माणसे तिचे फोटो काढताहेत. लताबाईने गिऱ्हाइकांदेखत भावाला फैलावर घेतले.

“आई आहे का जत्रेतलं अस्वल?”

निवृत्तीचेही डोके फिरले. “आक्का, चालती हो. पुन्हा ह्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही.”

ती गेली. आपणच पुढच्या महिन्यात गाडी करून आईला घेऊन जाऊ, असे मनाशी ठरवून गेली. पुढचा महिना त्याच्या पुढच्या महिन्यावर गेला. मग एके दिवशी विंचूरची एक बाई साडी घेऊन आली आणि म्हणाली, “आईचं कळलं, वाईट वाटलं हो. पण दहाव्याला तुम्ही कशा नाही दिसल्या?”

लताबाईला आई गेल्याचे असे कळले. भावाने फोन केला नव्हता. नातेवाइकांना त्याने कारण सांगितले, “आक्का आली असती तर प्रेतापुढं तमाशा केला असता.” तिने त्या बाईच्या साडीचा फॉल शेवटच्या टाक्यापर्यंत लावून दिला, शटर खाली ओढले आणि मग भिंतीवर डोके आपटून घेतले.

त्या दिवसापासून तिने निवृत्तीचे वाईट चिंतले. देवापुढे हात जोडले की बाकी सगळ्यांसाठी मागून झाल्यावर शेवटी त्याच्यासाठी मागायची: त्याचे तोंड काळे होऊ दे, आणि ते मला बघू दे. असे मागू नये हे तिला कळत होते. पण मागितल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे.

देवाने ऐकले ते कॉलनीतल्या स्नेहाच्या रूपाने. महिला मंडळाच्या सहली ठरवणारी ही पोरगी मोबाइल नाचवत आली. “काकू, येवल्याला जायचं! जुनं गाव, पैठणी कशी विणतात ते बघायचं, मुक्तिभूमीच्या स्मारकाला जाऊन यायचं. आणि हे बघा, ह्या आजी किती गोड आहेत!” लताबाईने चष्मा पुसून व्हिडिओ बघितला. घर तिचे, रहाट तिचा, नऊवारी आईचे. म्हातारी भलतीच. आणि आवाज निवृत्तीचा: ह्या आमच्या मातोश्री.

स्नेहाला तिने काही सांगितले नाही. फक्त म्हणाली, “माझं नाव पहिलं घाल.”

सहलीच्या आदल्या दिवशी तिने वाक्यही तयार केले. बसमध्ये बायका भेंड्या खेळत होत्या तेव्हा ती ते मनातल्या मनात घोकत होती: ‘ही ह्याची आई नाही. ह्याची आई मेली, आणि ह्या हलकटाने सख्ख्या बहिणीला कळवलं नाही.’ एवढे म्हणायचे, सगळ्यांचे मोबाइल चालू असताना म्हणायचे. मग बसू दे त्याला झेंडूच्या तोरणाखाली.

आता ती वेळ आली होती. लताबाईने स्कार्फ सोडला आणि बायकांना बाजूला सारत पुढे झाली. निवृत्तीने तिला बघितले. त्याच्या तोंडचे पाणीच पळाले. “ह्याच रहाटावर” म्हणता म्हणता तो “ह्याच, ह्याच” करत राहिला.

लताबाई म्हातारीपुढे जाऊन उभी राहिली, आणि तोंड उघडणार तोच तिचे लक्ष चोळीकडे गेले. ती चोळी तिने शिवली होती. आईला काखेत आवळलेले चालायचे नाही म्हणून खास जादा कापड सोडून शिवलेली. ह्या म्हातारीच्या दंडांवर ती लोंबत होती. म्हातारीने वर बघितले. समोरची बाई कोण आहे हे तिला कुठून तरी समजले असावे, कारण रहाट थांबला आणि चोरी सापडलेल्या माणसासारखे तिचे डोळे झाले. 

लताबाईच्या ध्यानात आले, की आपण ते वाक्य बोललो की सगळे मोबाइल निवृत्तीकडे नाही, हिच्याकडे वळतील. ‘बघा, खोटी आजी!’ निवृत्ती दोन महिन्यांनी दुसरी काहीतरी युक्ती काढील. ही मात्र आजच रस्त्यावर येईल. लताबाईचा राग काही कमी झाला नाही, उलट त्याला पाय फुटले आणि तो दुसऱ्याच वाटेने धावला.

ती खाली बसली, म्हातारीच्या पायांवर डोके ठेवले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आई! अगं ओळखलंस का? मी लता! तुला न्यायला आले!”

 स्नेहा किंचाळली, “काकू! ह्या तुमच्या आई? सांगितलं नाहीत!”

“भाऊ सांगू देत नाही ना,” लताबाईने डोळ्यांना पदर लावला. डोळ्यांत पाणी खरेच आले होते. “तीन वर्षं झाली आईचं तोंड बघून. निवृत्ती, चार दिवस आईला घेऊन जाते माझ्याकडे. लेकीचाही काही हक्क असतो.”

“असतोच हो!” पुण्याची बाई म्हणाली. तिचा मोबाइल आता निवृत्तीवर होता.

निवृत्तीची गत धरले तर चावते, सोडले तर पळते अशी झाली. ही आई नाही म्हणावे तर आत्ताच खोटे पडायचे, आणि आई म्हणावे तर लेकीला अडवायचे कशाने? तो कसनुसा हसला. “आक्का, तू... हो, ने ना. पण आज नको. आईची तब्येत बरी नसते.”

“तब्येत बरी नाही आणि दिवसभर रहाट फिरवते?”

“तिच्या आवडीसाठी...”

“मग चार दिवस माझ्या आवडीसाठी झोपेल.”

“अगं, तिला परक्या जागी करमत नाही. तू तिलाच विचार,” निवृत्ती म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो ते त्याला कळायच्या आत लताबाईने शब्द झेलला.

“विचारू कसं? आईला ऐकू येत नाही ना?”

बायका हसल्या. तेवढ्यात म्हातारीने कांडी खाली ठेवली, गुडघ्यावर हात रेटला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, “जाऊ चल.”

“अय्या, बोलल्या!” स्नेहा टाळ्या पिटू लागली. पुण्याच्या बाईला हुंदका आवरेना. “लेकीची हाक बरोबर पोहोचते हो आईला,” ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो निवृत्ती खात होता, आणि वर मान हलवून “हो ना, हो ना” म्हणत होता.

लताबाई तेवढ्यावर थांबली नाही. तिने त्याला आत पिटाळून आईचे लुगड्याचे गाठोडे आणायला लावले, पाण्याच्या दोन बाटल्या भरायला लावल्या. मग आईला नुसत्या लुगड्यावर घराबाहेर कसे काढतोस असे म्हणून कपाटातली पैठणी काढायला लावून म्हातारीच्या खांद्यावर घालायला लावली. हिरवी, मोराच्या पदराची. निवृत्तीने ती घालताना बहिणीकडे बघितले. ‘आता पुरे कर’ असे ते बघणे होते.

“आता पाया पड,” लताबाई म्हणाली.

“आक्का...”

“पड ना. आई निघालीय. ह्या वयात पुन्हा भेट होते न होते. मागून हळहळत बसशील, शेवटचं बघायला मिळालं नाही म्हणून.”

शेवटचे वाक्य तिने हळू म्हटले, पण ते जिथे लागायचे तिथे लागले. सगळ्यांच्या देखत, पुण्याचा कॅमेरा चालू असताना, निवृत्ती वाकला. कामाला ठेवलेल्या बाईच्या पायांना त्याने कपाळ टेकले आणि बराच वेळ वर घेतले नाही. त्याची पाठ हलत होती की काय कोण जाणे. लताबाईने ते बघितले आणि तिला गार वाटले. कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्यासारखे वाटले. दया वगैरे तिला मुळीच आली नाही.

बसच्या दाराशी त्याने तिला गाठले. बायका चढत होत्या. तो खालच्या आवाजात म्हणाला, “बास झालं. उद्या औरंगाबादचे लोक यायचेत. हिला कुठं नेतेस? हिला सोड.”

“कुणाला?”

“आक्का, कळतंय तुला.”

“आईला नेते मी. का, आई नाही ही? मग सांग ना मोठ्यानं. ही बघ, स्नेहा इथंच आहे.”

निवृत्ती एक पाऊल मागे सरला. बस सुटली तरी तो रस्त्याच्या कडेला तसाच उभा होता, एका हातात भरायची राहिलेली दुसरी पाण्याची बाटली घेऊन.

मुक्तिभूमीला बायका उतरल्या आणि वंदन करून आल्या. म्हातारी बसमध्येच बसून राहिली. बस नाशिकच्या वाटेला लागल्यावर लताबाईने तिच्यापुढे केळे सोलून धरले. “नाव काय तुमचं?”

“भागी,” म्हातारी म्हणाली. “भागीबाई.”

भागीबाई पेठकडच्या डोंगरातली. भात निघाले की नवऱ्याबरोबर निफाडला द्राक्षाच्या बागेत कामाला यायची. नवरा इकडेच वारला, पोरे गुजरातेत गेली ती गेली. छाटणीची कात्री धरवेना तेव्हा कोणीतरी निवृत्तीकडे पोहोचवली. त्याला आईचे करायला बाई पाहिजे होती.

“आईचं तुम्ही केलं?” लताबाई ताडकन वळली.

“मीच केलं. हगणंमुतणं, न्हाऊमाखू, समदं. ती गेली आन मंग मला तिच्या जागी बसीवलं. बोलायचं नाय म्हनला. माझी बोली वेगळी, लोकान्ला कळल.” केळे संपवून तिने साल नीट घडी करून ठेवली. “बाई, मला कवा माघारी सोडशील?”

“माघारी? त्या घरात?”

“दोन टायमाला खायाला हाय. वाईट नाय तो. बोलायचं नाय, येवढंच.”

लताबाईच्या मोबाइलवर निवृत्तीचे नाव उमटले. तिने मोबाइल मांडीवर पालथा घातला आणि तो वाजू दिला. बराच वेळ वाजला, थांबला, पुन्हा वाजला. ते थरथरणे तिला आवडले. मागच्या सीटवर बायकांच्या भेंड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. लताबाईच्या मनात मात्र तीन वर्षे अडकून पडलेले एकच होते, आणि ते विचारायला जगात ही एकटीच बाई होती. तरी विंचूर येऊन गेले तेव्हा कुठे तिला तोंड फुटले.

“माझी आठवण काढायची का ती? शेवटी शेवटी?”

“तुझी?” भागीबाईने तिच्याकडे नवलाने बघितले. “कशाला काढील? तू व्हतीस ना तिथं.”

“मी कुठे होते? मला घरात येऊ दिलं नव्हतं.”

“तिला दिसत नव्हतं बाई. मला चाचपायची आन म्हनायची, लते, आलीस का. पयल्यांदा मी सांगितलं, म्या भागी. तर लय रडली. जेवली बी नाय. दुसऱ्या दिशी पुन्ना तेच. मंग म्हनलं, कशाला रडवायची? म्हनलं, व्हय, म्या लता.”

लताबाई तिच्याकडे सरकली.

“मंग खूश. रोज तेच. माझी बोटं धरायची आन म्हनायची, किती खरखरीत झाली गं, ते मशीन बंद कर आता. जावई कसं हायत इचारायची. म्या म्हनायची, बरं हायत.” भागीबाई थोडी हसली. “भांडायची बी. त्या दिशी चहा न पिता का गेलीस म्हनून लय बोलली मला. म्या ऐकून घेतलं.”

म्हणजे आई वाट बघत नव्हती. तीन वर्षे लताबाईने रोज जी आई डोळ्यांपुढे आणली होती, दाराकडे तोंड करून पडलेली, लेकीचे नाव घेत झुरून मेलेली, आणि जिच्यासाठी भावाला एवढे शिव्याशाप दिले होते, ती आई नव्हतीच. आईची लेक तिच्याजवळ होती. रुसली, बोलणी खाल्ली, पाय चेपले, शेवटपर्यंत राहिली. फक्त ती लेक लताबाई नव्हती. तिचे सगळे ह्या परक्या बाईच्या पदरात पडले होते. लताबाईला हिचाही राग यायला हवा होता. तिने तो मनात शोधला. सापडला नाही. निवृत्तीवरचाही शोधला, तोही आता हाताला लागेना, आणि राग गेल्यावर खाली नुसते रडूच आहे हे तिला इतक्या दिवसांनी कळले.

“गेली तेव्हा?” ती म्हणाली.

“सकाळच्या पारी. म्या शेजारी बसली व्हती. म्हनली, लते, खिडकी लाव गं, वारं लागतंया. म्या उठून लावली. माघारी येऊन बघते तं झालेलं.”

“कसं म्हणाली?”

“आता कसं सांगू? तसंच.”

“तसंच म्हणून दाखवा ना. तिच्यासारखं.”

भागीबाईने तिच्या तोंडाकडे बघितले. मग तिने डोळे मिटले, खांद्यावरची हिरवी पैठणी छातीशी ओढून घेतली आणि पातळ, जराशा हट्टी आवाजात म्हणाली, “लते, खिडकी लाव गं. वारं लागतंय.”

“लावते, आई,” लताबाई म्हणाली.

बसची काच बंदच होती. लताबाई उठली, तिने ती अर्धी उघडली आणि हळूच, आवाज होणार नाही अशी, पुन्हा लावली.